सरोजिनी मॅडमचा झोपेचा तास

माझ्या चित्रकलेच्या वर्गात दुपारी दोन ते पावणेतीन बारा मुली झोपलेल्या असतात, आणि याला जबाबदार आमच्या शाळेच्या खेळशिक्षिका सरोजिनी मॅडम आहेत. एक दिवस त्यांनी सहज विचारलं, "सर, तुमची खोली दुपारी रिकामी असते ना?" मी भोळेपणाने हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी खिडक्यांना माझेच ड्रॉइंग पेपर चिकटवून अंधार केलेला, जमिनीवर चादरी पसरलेल्या आणि दारावर पाटी: 'सराव चालू आहे.'

मॅडम छप्पन वर्षांच्या. राहायला एव्हरशाईन सिटीत. हट्टी एवढ्या, की लिफ्ट बंद पडली तर लिफ्टलाच समज देतील. मला त्यांची भीती वाटते आणि त्या मला फार आवडतात, हे दोन्ही एकदमच सांगून टाकतो.

या झोपेच्या तासाचं मूळ गेल्या वर्षीच्या खो-खोत आहे. तालुक्याची उपांत्य फेरी होती. आमची सगळ्यात चपळ खेळाडू तेजस्वी, तेव्हा आठवीतली, रांगेत बसली होती. मागून खो मिळाला तरी उठेचना. मागचीने दुसऱ्यांदा ओरडून पाठीत थाप मारली, तशी ती दचकून उठली आणि समोरच्या मुलीला सोडून थेट पंचांच्या मागे लागली. त्यांना शिवलीसुद्धा. मैदान हसून लोळलं आणि आम्ही हरलो. पोरगी बसल्या जागी झोपली होती.

दुसरं कोणी असतं तर तिला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या. मॅडमनी एवढंच विचारलं, "किती तास झोपतेस?" तेजस्वीच्या घरची गास गावात भाजीची वाडी. क्लासहून येऊन अभ्यास उरकेपर्यंत अकरा वाजत. पावणेचारला आई उठवायची, कारण मेथी, माठ, पालक यांच्या जुड्या बांधून पाचच्या टेम्पोत चढवायच्या असत. म्हणजे झोप जेमतेम पावणेपाच तास. संघातल्या, आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलीही तेवढंच झोपत, फक्त त्यांच्या हातात जुडीऐवजी मोबाइल असे.

"सर, सराव मैदानावर होतो, पण अंगात मुरतो झोपेत," मॅडम म्हणाल्या. "दमलेलं अंग तेव्हाच भरून येतं. मी तीस वर्षं कच्चं लोणचं वाढत आले हो!"

असा माझा वर्ग गेला. झोपेचं सोंग घेणाऱ्या मुलींवर मॅडमकडे जुनाच घरगुती उपाय आहे. सगळ्या आडव्या झाल्या की त्या मला मोठ्याने सांगतात, "सर, खरी झोपलेली मुलगी डाव्या पायाचा अंगठा हलवते बरं का." लगेच पाच-सहा चादरींखाली अंगठे हलायला लागतात. त्या मुलींच्या घरी संध्याकाळी फोन जातो.

पण पाऊण तासाने तेजस्वीचं भागेना. यंदाच्या स्पर्धेला बारा दिवस उरले, तेव्हा मॅडम मला घेऊन गासला गेल्या. तिची आई धोंडूबाई वाफ्यात पाणी सोडत होती.

"बारा दिवस तिला साडेसहापर्यंत झोपू द्या," मॅडम म्हणाल्या.

"आनि जुड्या कोन बांधनार? तुमी?"

हा टोमणा होता. मॅडमनी तो आमंत्रण समजून घेतला. "बांधू की. मी आणि सर."

धोंडूबाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बांधा. पन यंदा हरली तर खेळ बंद. पुढं दहावी हाय, वाडीला मानूस लागतो."

दारात उभ्या तेजस्वीचं तोंड एवढंसं झालं. खेळाशिवाय त्या मुलीला दुसरं काही सुचत नसे, आणि तिचा खेळ आता आम्हा दोघांच्या जुड्यांवर आला होता.

बारा पहाटे आम्ही धोंडूबाईंच्या पडवीत बसलो. मॅडम एवढ्या जोराने आवळत की मेथी मान टाकायची. मी चित्रकार, त्यामुळे मी पानांची रचना बघून बांधत असे. माझी एक जुडी होईपर्यंत त्यांच्या सहा होत. मधेच आतून तेजस्वीचं घोरणं ऐकू आलं की मॅडम मला कोपराने ढोसत. "ऐका. मुरतंय." साडेचारला आमची पाठ गेलेली असे आणि आम्ही उठून निघत असू.

स्पर्धेत तेजस्वी अशी खेळली, की मी ओरडून आवाज घालवला. अंतिम सामन्यात साडेतीन मिनिटं कोणी तिला शिवू शकलं नाही. धोंडूबाई पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आल्या होत्या. दोरीपाशी रिकामी टोपली धरून उभ्या होत्या, पापणी न हलवता.

आम्ही एका गुणाने हरलो.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तेजस्वी गुणफलकाकडे बघतच नव्हती, आईकडे बघत होती. धोंडूबाई सरळ मॅडमपाशी आल्या.

"ह्याच्यापुढं तुमी दोघं वाडीवर येऊ नका."

मॅडम पुढे झाल्या. "धोंडूताई, तिची काही चूक नाही हो..."

"तुमच्या जुड्या बाजारात कोन घेनार? बारा दिवस टेम्पो थांबवून समद्या सोडल्या नि परत बांधल्या मी. डायवरच्या शिव्या खाल्ल्या."

"माझ्यासुद्धा?" मी विचारलं.

"तुमच्या पयल्या."

मग त्या लेकीकडे वळल्या. "बारा दिवस ही उठल्यावर हसत व्हती. अशी मी तिला कवा बघितलीच नाय. जुड्यांचं माझं मला जमतं, ते कळलं आता. झोपू दे तिला. खेळू दे."

हरलेल्या संघातली ती एकटी मुलगी मैदानभर उड्या मारत सुटली.