आर्लचं रिंगण आणि कॅरीतला किल्ला

“बाबा, आय ॲम डन विथ किल्ला. यावर्षी नको,” असं आमच्या बारा वर्षांच्या इराने जाहीर केलं आणि माझी दिवाळी महिनाभर आधीच करपली. ती चार वर्षांची असल्यापासून आम्ही दोघं कॅरीतल्या घरामागे किल्ला करतो. माती आयती लाल, तेवढे नॉर्थ कॅरोलायनाचे उपकार. वर्षभर चालणाऱ्या इथल्या शाळेला ट्रॅक-आउटची, म्हणजे दोन सत्रांमधली, सुट्टी लागत होती. “रुसून बसण्यापेक्षा कुठेतरी जाऊया,” बायको, मुग्धा, म्हणाली. मी दक्षिण फ्रान्समधलं आर्ल सुचवलं. जुने रोमन दगड बघून पोरीला किल्ला आठवेल, हा माझा डाव.

रॅलेहून पॅरिसला थेट विमान आहे. पुढे वेगवान रेल्वेने आविन्यों आणि तिथून छोट्या रेल्वेगाडीने आर्ल. कार भाड्याने घेऊ नका, गल्ल्या फारच अरुंद आहेत. रोमन जागांचा एकत्र पास मात्र घ्या, वसूल होतो.

पहिल्या दिवशी नाट्यगृह पाहिलं. रंगमंचाचे दोनच उंच खांब उरलेत, पण रुबाब शाबूत आहे. मी व्याख्यान सुरू केलं, इराने फोन काढला. “यार, तिला बघू तर दे!” मुग्धाने मला गप्प केलं. बाजारात शेळीच्या दुधाचं चीज आणि गरम फुगास पाव मिळाला. मुग्धाने पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढून त्यावर भुरभुरली. करून बघाच.

इथली खास कला म्हणजे सांतों. बोटभर उंचीची, रंगवलेली मातीची माणसं. नाताळच्या देखाव्यात ती बाळ येशूभोवती मांडतात. ती घडवणाऱ्या आजींना मी फोनवर गेल्या वर्षीचा आमचा किल्ला दाखवला: डोंगर, पणत्या, मावळे. आजी खूश! त्यांना तो नाताळचा देखावाच वाटला.

“शी इज आस्किंग, बाळ कुठे आहे?” शाळेत फ्रेंच शिकणारी इरा आमची दुभाषी.

“बाळ नाही म्हणावं, महाराज आहेत. आणि हे त्यांचे सैनिक.”

आजींनी फोटो पुन्हा न्याहाळला, काहीतरी विचारलं आणि इरा खो खो हसत सुटली. “बाबा, इतके सोल्जर्स, मग स्वयंपाक कोण करतं?”

आजींकडे शिपाई एकही नव्हता. इराने स्वतःहून एक कोळीण, एक धार लावणारा आणि एक पाववाली निवडली.

दुसऱ्या दिवशी भलंमोठं लंबगोल रिंगण पाहिलं, जिथे रोमन लोक झुंजी बघत. मी शहाण्यासारखा तोंड मिटून होतो. माहितीची पाटी इरानेच वाचली. “बाबा! नंतर लोकांनी याचा फोर्ट केला. टॉवर्स बांधले आणि आत घरं करून राहिले!” मग ती फोन विसरून कमानी चढत राहिली आणि आमची दमछाक झाली.

घरी आल्यावर किल्ल्याचा विषय काढायचा नाही, अशी मुग्धाची मला सक्त ताकीद होती. मी ती पाळली, पण जीव टांगणीला लागला होता. एका शनिवारी किराणा सामान घेऊन परतलो, तर इरा घरामागे गुडघाभर चिखलात बसलेली. डोंगर नव्हताच. कमानींचं लंबगोल रिंगण, चार मनोरे, आत इवली घरं आणि दारात कोळीण.

“अगं, महाराज कुठे बसणार?” मला राहवेना.

“येतील ना महाराज. आधी लोकांना तर राहू दे,” ती म्हणाली, चक्क मराठीत. मग वर न बघताच हात पुढे केला. “बाबा, पाणी.”

मी धावत जाऊन पाइप आणला. इतक्या आनंदाने कुणाची हमाली मी आजवर केली नव्हती.