वळणावरचं बांबूचं बेट

अशी जवळ सरक गं, मला कमी ऐकू येतं. आणि तो फोन पालथा ठेव. मुलुंडहून बोरिवलीला यायला तीन महिने लागले तुला? भाची आहेस की पाहुणी? बरं, आलीस तर ऐक, तुझ्या मामीने सूड कसा घेतला ते.

आपल्या गावचा रस्ता तू पाहिलायस. म्हणायला राज्य महामार्ग. तालुक्यातून निघतो नि बंदरावर संपतो, मध्ये म्हशी आडव्या येतात म्हणून एसटी दोनदा थांबते. वाटणीत रस्त्याच्या डावीकडची जागा तुझ्या धाकट्या मामाला गेली, उजवीकडची आम्हाला. आमच्या कडेला दोन रातांबे होते, लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी आणि मी लावलेले. दर मे महिन्यात मी त्यांची आमसुलं वाळवायची, इथे वर्षभर पुरायची. कंडक्टरसुद्धा "रातांबो, रातांबो" ओरडायचा. तोच आमचा थांबा.

हे गेल्यावर दोन वर्षं मी गावाला गेलेच नाही. मग गणपतीला एकटी निघाले. खिडकीतून रातांबे शोधत बसले, ते थेट बंदरावर! कंडक्टर म्हणतो, "आजी, तुमचो थांबो कधीच गेलो मागे. झाडां तोडली मा, रस्तो रुंद केलो."

रिक्षा करून मागे आले. घरी जाऊबाई बोलून गेली. मोजणीवाले आले तेव्हा तुझ्या मामाने सांगितलं, "उजवीकडसून घेवा. वयनी मुंबयक असता, तिची काय हरकत नाय." मला एक फोन नाही! आणि डावीकडे स्वतः हॉटेल काढलं, वडा-उसळीचं, वर हा एवढा लाल बोर्ड. मी विचारलं तर म्हणतो कसा, "झाडांच ती, वयनी. इतक्यां काय मनाक लावन घेतंस?"

मी रडले नाही. उकडीचे मोदक केले, त्यालाच दोन जास्त वाढले. विसर्जन झालं आणि आमची जी पट्टी उरली होती तिच्यात, बरोबर वळणाच्या आत, बांबू लावला. रातांबा लावला असता तर फळ बघायला मी कुठली राहतेय! बांबूला माझ्यासारखीच घाई.

आता ते बेट असं माजलंय! तालुक्याकडून येणाऱ्याला बोर्ड दिसेपर्यंत गाडी हॉटेलाच्या पुढे गेलेली असते. वड्यासाठी गाडी वळवतंय कोण? सकाळी दुधाची पिशवी कापताना आठवतं आणि मी एकटीच हसते. पाप लागेल म्हणतेस? लागू दे.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन. "वयनी, तां बेट जरा तोडूया काय?"

मी म्हटलं, "भावोजी, झाडंच ती. एवढं काय मनाला लावून घेता?"

मग म्हणाला, मुंबईला येतो, समोर बसून बोलतो.

येऊ दे. मला त्याच्या तोंडून एकच ऐकायचंय, "वयनी, तुला विचारायला हवं होतं, माझं चुकलं." तेवढं म्हणाला तर कोयता मी स्वतः हातात देईन. नाही म्हणाला तर वाढू दे बेट आभाळापर्यंत. जेवायला सोलकढी करणार आहे. पहिला घोट घेतला की सांगेन, आमसुलं वाण्याकडची आहेत, घरची आता कुठून आणू?

रविवारी येतोय तो. तू शनिवारीच ये, राहायला ये. तो मुद्दाम पुटपुटेल बघ, आणि मला तर कमी ऐकू येतं. म्हणाला की नाही, ते सांगायला तू जवळ हवीस.