काका आणि सिगिस्मंड राजा

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांइतकी स्वतःच्या बरोबर असण्यावर अढळ श्रद्धा मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. हायवेवर भलत्याच एक्झिटने उतरले, तरी बोर्डच चुकीच्या जागी लावलाय म्हणून ते शांतपणे सांगत. काकूंचं वरण, माझं कोडिंग, बर्फ काढणाऱ्या गाड्या, सगळ्यांवर त्यांचा निकाल तयार असे आणि त्यावर अपील नसे. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि दर शनिवारी त्यांच्याकडे चहाला गेल्याशिवाय चैनही पडायचं नाही.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात, परीक्षेच्या आठवड्यात, त्यांचा एकुलता मुलगा निखिल कॉलेजच्या डॉर्ममध्ये मेंदूज्वराने गेला. त्यानंतर काका रोज लंचच्या सुट्टीत ऑफिसजवळच्या कॅथलिक चर्चात जाऊन बसू लागले. आमच्या मराठी मंडळातले लोक या खुळाला गालातल्या गालात हसत. तिथल्या एका खिडकीच्या रंगीत काचेवर फ्रान्सकडच्या बर्गंडीचा जुना राजा सिगिस्मंड होता, तापाच्या रोग्यांचा कैवारी संत. पाद्रीबाबांची उलटतपासणी घेऊन काकांनी त्याचं सगळं चरित्र काढून घेतलं. दुसऱ्या बायकोने कान भरले म्हणून याने पोटच्या पोराचा झोपेत गळा आवळवला. मग ऊर फुटेस्तोवर रडला, आणि मठात साधूंच्या पाळ्या लावून अहोरात्र भजन चालू ठेवलं. पुढे शत्रूने त्याला बायकामुलांसकट मारून विहिरीत टाकलं, आणि लोक त्याला हुतात्मा म्हणून पुजू लागले. भजनाच्या पाळ्यांचं वेळापत्रक आपण याहून बरं केलं असतं, असंही काकांनी मला ऐकवलं.

मग एका शनिवारी चहा निवत ठेवून त्यांनी विचारलं, "पोराला मारणारा संत कसा होतो रे?"

मी कप खाली ठेवला. तेच पुढे बोलू लागले.

"निखिलचा फोन आला होता. ताप आहे, मान दुखतेय म्हणाला. मी म्हटलं, बहाणे पुरे, गोळी घे आणि पेपर दे. हिला अजून सांगितलं नाहीये."

सांगायला हवं, एवढंच मी म्हणालो. त्यानंतर कित्येक महिने ते सांगायची नुसती तयारीच करत होते.

एक मे हा सिगिस्मंडचा सण. दोन हजार पाचच्या एक मेला, मंडळाचा महाराष्ट्र दिन सोडून काका काकूंना चर्चात घेऊन गेले. ड्राइव्ह मी केलं, आणि आत त्यांच्या मागच्या बाकावर बसलो. काकांनी आधी राजाची गोष्ट सांगितली, उगाच लांबवत, आणि मग फोनची. काकू काचेकडेच बघत होत्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्याच लाइनवरचा वरच्या खोलीतला फोन मी उचलला होता. सगळं ऐकलं, आणि मीही गप्प राहिले."

काकांनी त्यांचा हात हातात घेतला. दीड वर्ष एकाच घरात दोघांनी हे एकेकट्याने सोसलं होतं. मी बाहेर गाडीत जाऊन बसलो आणि खूप रडलो.