शनिवारी या

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना वाचत आलो, आणि तेही हसायला. माणसाची झोप अपुरी असते नाहीतर पोट साफ नसतं, बाकी काही नसतं, हे माझं ठाम मत. होस्टेलला असताना पोरांना घाबरवायला चादर पांघरून जिन्यात उभा राहिलो होतो, तर चादरीत पाय अडकून माझाच दात पडला. अमानवीय गोष्टींशी माझा संबंध एवढाच. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... मीही हसलोच असतो.

मी अकोल्याचा. इंजिनीअरिंग झालं, नोकरी मिळेना, म्हणून 'समाजासाठी काहीतरी करायचंय' असं घरात जाहीर केलं आणि वर्षभरासाठी बेंगळुरूला व्हॉलंटिअर म्हणून आलो. आई शेजाऱ्यांना 'मुलगा बाहेर असतो' एवढंच सांगते. ऐकणारे जर्मनी समजतात. भाषेपुरतं बोलायचं तर ती फार खोटं बोलत नाही — पहिले दोन महिने मी 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन कन्नड शब्दांवर काढले.

आमचा आश्रम देवनहळ्ळीच्या पुढे आहे. एका बाजूला द्राक्षाची बाग, दुसऱ्या बाजूला नव्या लेआउटमधल्या प्लॉटांचे रोवलेले दगड, आणि डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान. रस्त्यावर, स्टँडवर सापडलेली, घर कुठे ते सांगता न येणारी म्हातारी माणसं इथे आणतात. माझं काम म्हणजे आंघोळी घालणं, नखं काढणं, भरवणं, दाढ्या करणं. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांची अर्धी मिशी उडवली. मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून उरलेलीही काढली. त्यानंतर माझ्याकडे जास्त करून नखंच आली.

पंधरवड्यातून दोन दिवस सुट्टी. ती मी व्हाइटफील्डला निनादच्या फ्लॅटवर काढायचो. निनाद माझा कॉलेजातला मित्र, तिथल्या आयटी पार्कात आहे. त्याच्याकडे गरम पाणी, प्लेस्टेशन आणि कुणाचीही दाढी न करण्याचं सुख. समाजसेवेत मला सगळ्यात आवडायचे ते हेच दोन दिवस. खरं तेच सांगतो.

आश्रमात मराठी बोलणारे एकच होते, किशनकाका. स्टँडवर तापात पडलेले सापडले होते. बोली बिदर-भालकीकडची वाटायची, पण गावाचं नाव विचारलं की 'मळ्यात' एवढंच सांगायचे. फोटो पोलिसांकडे गेले, त्या भागातल्या तहसीलला गेले, काही झालं नाही. काका रोज सकाळी तयार होऊन फाटकाजवळच्या खुर्चीत थैली मांडीवर घेऊन बसायचे. "बळीराम येनार हाय." बळीराम धाकटा भाऊ. दुपारी जेवायला बोलवायला गेलो की म्हणायचे, "तू जेव. त्यो आला की आमी दोघं बसतो."

मग एकदा त्यांनी जेवणच सोडलं. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं. शांतक्का — आश्रम चालवतात त्या — माझ्याकडे आल्या. मी तेव्हा वेगळ्याच दुःखात होतो. आंघोळी घालताना माझा फोन बादलीत पडला होता, आणि इंटरनेटच्या सल्ल्याने मी तो स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता.

"ऊट बेडा बोलते वो," अक्का म्हणाल्या. "खाना नको, पानी नको. तुम मराठी, वो मराठी. कुछ बोलो ना."

"काय बोलू अक्का? रोज तर बोलतो."

"रोज का नहीं. कुछ नया बोलो."

नवीन म्हणून मला जे सुचलं ते हे. मी डब्यातून फोन उपसला, फाटकाशी गेलो आणि म्हणालो, "काका, बळीरामकाकांचा फोन लागलाय." काकांनी मान वर केली. अक्का मागेच उभ्या होत्या. फोनची स्क्रीन काळीठिक्कर, चार्जिंगच्या भोकातून तांदूळ गळतोय, आणि मी तो कानाला लावून सुरू झालो.

"हॅलो, बळीरामकाका का? जेवलात का?"

हे पहिलं वाक्य. कॉलेजच्या नाटकात मला का घेत नव्हते ते यावरून कळेल.

"हो, इथेच आहेत. ठणठणीत आहेत. पत्ता घ्या... देवनहळ्ळी, विमानतळाच्या पुढे, द्राक्षाची बाग विचारा."

काका खुर्चीतून उठले. "म्हस कशी हाय, इचार."

"म्हैस कशी आहे विचारतायत." थोडं थांबलो, हुं हुं केलं. "व्याली म्हणतायत काका. रेडी झाली."

काकांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. "कवा येतो म्हनावं."

इथे माझं डोकं चाललं, आणि ते चालायला नको होतं. 'उद्या' म्हटलं तर उद्या कुणी येणार नाही, काका पुन्हा जेवण सोडतील, आणि मला इथेच बसावं लागेल. उद्या गुरुवार. गुरुवार-शुक्रवार माझी सुट्टी.

"नाही, उद्या नको, परवाही नको," मी तांदूळ गळणाऱ्या फोनमध्ये म्हणालो. "शनिवारी या."

त्या रात्री काका दोनदा भात मागून जेवले. अक्कांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. त्यांच्याकडून तो सत्कारच. सकाळी निघताना काका फाटकात होते. "शनवारी तू हैस नव्हं? त्याला वळख दावाय?" मी म्हणालो, आहे. आणि व्हाइटफील्डची बस पकडली.

दोन दिवस मी प्लेस्टेशनवर हरत होतो. फोन बंद, त्यामुळे मला शोधणार कोण आणि कसं? शनिवारी सकाळी परत आलो तेव्हा फाटकाजवळची खुर्ची आत नेऊन ठेवलेली होती. काका शुक्रवारी पहाटे झोपेतच गेले. पोलिसांच्या सोपस्कारांसाठी त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. अक्का एवढंच म्हणाल्या, "खाके गया. अच्छा हुआ, खाके गया."

दुपारी मी नखं काढत बसलो होतो. फाटकाशी एक माणूस आला. साठीचा, धोतर, खांद्यावर पंचा, हातात डबा. बोलायला लागला आणि मी उठून उभा राहिलो, कारण बोली किशनकाकांचीच होती.

"मी बळीराम. अन्ना कुटं हाईत?"

अण्णा म्हणजे किशनकाका. ते गेले, हे मी त्यांना कसं सांगितलं ते मला आठवत नाही. ते तिथेच पायरीवर बसले. अक्कांनी पाणी आणलं. ते पाणी प्यायले तेव्हा मी विचारलं, पत्ता कुणी दिला.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमीच की. ह्योच आवाज. बुधवारी दुकानच्या फोनवर आला, दुकानदारानं मला हाक मारली. पैलंच इचारलं तुमी, जेवलात का. मला वाटलं नात्यातलंच कुनी हाय."

"आणखी... आणखी काय बोललो मी?"

"अन्नानं म्हशीचं इचारलं म्हनलात. मी सांगितलं, व्याली, रेडी झाली."

अक्कांना मराठी जेमतेम कळतं, पण 'रेडी' त्यांनी बुधवारीही ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "फोन चालू था क्या?"

"नाही अक्का."

त्या पाण्याचा तांब्या उचलून आत गेल्या.

बळीरामकाकांनी डबा उघडून दाखवला. खरवस होता. "आमी बुधवारीच निगालो होतो. थैली भरली, पोराला म्हनलं गाडीचं बघ. पन तुमीच म्हनलात, उद्या नको, परवा बी नको." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "शनवारच का म्हनलात, साहेब?"

मी त्यांच्या हातातला डबा घेऊन त्याला झाकण लावलं.

संध्याकाळी त्यांनी अण्णांना ताब्यात घेतलं आणि गाडी करून गावी नेलं. निघताना माझ्या पाया पडायला वाकले, मी मागे सरकलो. खरवस ते फाटकाशी ठेवून गेले.

निनादला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आश्रमातल्याच कुणीतरी खरा फोन केला असेल. मी म्हटलं, गाव कुणाला माहीत होतं? मग म्हणाला, योगायोग. मी विचारलं, मग म्हैस? त्याने दुसरा गेम लावला. नंतर फोन दुरुस्तीला दिला, तर दुकानदार म्हणाला की बोर्डच गेलाय, याच्यावरून काही होणं शक्य नाही. हे मला माहीत होतंच.

आता खरं कारण, मी हे का लिहितोय. आश्रमात ही गोष्ट पसरली. पहिल्यांदा अक्काच एका आजींना घेऊन आल्या. "इनके बेटे को करो." मी त्या मेलेल्या फोनवरून केला. काही झालं नाही. नव्या फोनवरून केला, बंद करून केला, वेड्यासारखा तांदळात घालून पुन्हा उपसून केला. हसा, मी सांगितलंच होतं. आता रविवारी माझ्यापुढे रांग लागते. कुणाची मुलगी, कुणाचा नवरा, एकांची तर आई, जी आता शंभरीच्या पुढे असेल. मी फोनवर प्रत्येकाच्या माणसाला सांगतो, लगेच निघा, आत्ताच्या आत्ता निघा. अजून कुणीही आलेलं नाही.

त्या बुधवारी काय झालं हे मला माहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला कळलं तर त्याने लिहावं, मी हसणार नाही. माझी अडचण वेगळी आहे. फोन ठेवला की ती माणसं तोंडाकडे बघत विचारतात, काय म्हणाला? म्हशीचं उत्तर मला कसं पटकन सुचलं होतं. आता काहीच सुचत नाही. पलीकडे नुसतं शांत असतं, आणि मी म्हणतो, मधेच कट झाला.