चौथा अध्याय

एका मंगळवारी सकाळी माझे यजमान गेले. त्याला तीन महिने झाले.

काल बागेत मी त्यांच्या बाकावर बसले होते. शेजारी दोन बायका पॉडकास्टबद्दल बोलत होत्या.

"अगं, तो पक्ष्यांवरचा ऐकच. पण चौथा अध्याय आधी. पहिले तीन म्हणजे नुसती प्रस्तावना!"

"अध्याय? पोथी आहे का ती?"

"इथे फिरायला एक काका यायचे, ते तसंच म्हणायचे. त्यांनीच सुचवला."

एपिसोडला अध्याय म्हणणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. मला मात्र ते म्हणायचे, "तू आपली पुस्तकं वाच, तुला नाही आवडायचं." मीही पुस्तकातून मान वर न करता "बरं" म्हणायचे. कुणाला काही ऐकायला सुचवणं म्हणजे आपल्या आवडीत त्याला शेजारी बसवून घेणं. ती जागा या अनोळखी बाईला मिळाली होती. मला तिचा हेवा वाटला. अजून वाटतो.

घरी येऊन मी चौथा अध्याय लावला आणि शेवटपर्यंत ऐकला. आवडला.

आवडला, हे सांगायला आता ती बाईच उरली आहे.