आप्पांची शपथ, भाऊची दोरी

केतकीचा फोन आला तेव्हा मी विरारच्या बाजारात अर्नाळ्याहून येणाऱ्या कोळणीशी बोंबलांच्या वाट्यावरून घासाघीस करत होते. "आत्या, पप्पा गेले..." एवढंच ती म्हणाली. केतकी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. हातातली पिशवी बहुधा गळून पडली, कारण कोळणीने ती उचलून बाजूला ठेवली, स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "बस बाय. आधी पानी पी. मासली कुठं पलून नाय जात." मी बसले, पाणी प्यायले. बातमी अनपेक्षित नव्हती. शेवटच्या वर्षभरात भाऊचा घास सारखा श्वासनलिकेत जायचा आणि त्यातूनच न्यूमोनिया झाला होता. पण त्या गर्दीत, त्या स्टुलावर बसून माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगायला आजही संकोच वाटतो. वाटलं, आता भाऊ आप्पांना भेटेल, आणि त्याला मान खाली घालून उभं राहावं लागणार नाही. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मेल्यावर कोणी कोणाला भेटत नाही हे मला ठाऊक आहे. तरी वाटलं, आणि बरं वाटलं.

आमची वाडी वसईजवळ सांडोरला. केळी, पानवेल, थोडा भाजीपाला आणि बांधावर पाच माड. आमचे वडील, आप्पा, उंचेपुरे आणि अबोल. पाचही माड त्यांनी माडी काढायला एकाला दिलेले होते. पंचेचाळिशीच्या सुमाराला त्यांची चाल बिघडली. पाय फाकवून चालायचे, वळताना तोल जायचा, बोलताना जीभ जड व्हायची. ज्याने पाहिलं त्याने एकच अर्थ लावला. बांधावर पाच माड आणि चाल अशी, म्हणजे दुसरं काय असणार! रस्त्यावरून वाडीपर्यंत येताना आप्पा कडेच्या काटेरी कुंपणाला धरून यायचे. घरी आले की तळहात रक्ताळलेले. आई सुईने काटे काढायची आणि काढता काढता तोंडाचा पट्टा सोडायची. त्यांच्या तोंडाला कधी वास येत नसे, हे तिलाही माहीत होतं. पण त्यावरून ते पीत नसतील असं काही तिच्या मनात आलं नाही. वास मारायला सुपारी चघळतात, असं तिने ठरवून टाकलं. आता आमच्या भागात सुपारी कोण चघळत नाही, पण एकदा संशय आला की सुपारीसुद्धा पुरावा होते.

भाऊ बावीस-तेवीस वर्षांचा असताना त्याची ठरत आलेली सोयरीक मोडली. मुलीकडच्यांनी निरोप धाडला, मुलगा चांगला आहे, पण पिण्याचा वारसा घरात नको. भाऊ पेटला. पुढच्याच मंगळवारी त्याने आप्पांना गावदेवीच्या देवळात नेलं, चार वडीलधाऱ्यांना बोलावलं आणि त्यांच्या हातात नारळ दिला. पूजेचं ताट धरून मी शेजारी उभी होते. आप्पा हळूच म्हणाले, "मी पियात नाय रे, यशा."

"मग शपथ घ्यायला काय जातं?" भाऊ म्हणाला.

आप्पांनी नारळ दोन्ही हातांत नीट धरला. मग म्हणाले, "तुला बरं वाटत असंल तर घेतो." आणि जी गोष्ट कधी केलीच नव्हती, ती सोडल्याची शपथ त्या माणसाने देवीसमोर घेतली. घरी येऊन माडीवाल्याला माडांवरची मडकीही उतरवायला सांगितली. तीन आठवड्यांनी ते एसटीच्या थांब्यावर भर दुपारी, सगळ्यांच्या देखत आडवे झाले. देवीलासुद्धा फसवलं, असं गाव म्हणालं, आणि भाऊ त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलायचा थांबला. एका घरात, एका पंगतीत बसून तीन वर्षं अबोला. मधे मी. "त्यांना सांग, वरच्या पाटाला पाणी सोडलंय." "त्याला सांग, जेवून जा म्हणावं." असे निरोप मी पाच पावलं चालून पोचवायचे. मग आप्पा गेले. भाऊने सगळं रीतीप्रमाणे केलं, पण डोळ्यातून टिपूस काढलं नाही. माझंही वेगळं नव्हतं. मला त्यांची लाज वाटायची, हे आज सरळ लिहून टाकते.

पुढे मी शिक्षिका झाले. अनुमस्तिष्काचं काम शरीराचा तोल सांभाळणं, दारूचा परिणाम तिथे होतो म्हणून पिणारा झोकांड्या खातो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं. त्याच वर्गात आनुवंशिकताही शिकवली. मुलांना कानाच्या पाळ्या बघायला लावायच्या, जीभ वळवून दाखवायला सांगायचं, आणि आईबापांकडून काय काय येतं त्याची यादी करायची. एखादा पोरगा विचारायचा, "बाई, राग पण जनुकातून येतो का?" मी ठोकून द्यायचे, "तुझा तर नक्कीच, तुझ्या वडिलांना मी ओळखते." वर्ग हसायचा. पण अनुमस्तिष्काचा धडा आणि आनुवंशिकतेचा धडा शेजारी शेजारी ठेवून मी स्वतःच्या बापाकडे एकदाही पाहिलं नाही.

भाऊ सेहेचाळीस वर्षांचा असेल. मी वाडीत गेले होते. केळीच्या पाटावरून माझ्याकडे येताना तो एकाएकी डावीकडे झुकला आणि त्याने खांबासारखं केळीचं खोड धरलं. ती चाल मी ओळखली. मी काय केलं असेल? त्याच्या खांद्यावरचं पान झटकायच्या निमित्ताने जवळ गेले आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. लग्नातसुद्धा ज्याने कधी ग्लासाला हात लावला नाही, त्या माणसाचा! भाऊच्या ते लक्षात आलं. तो रागावला नाही. म्हणाला, "वास घेते ना? मी पन असाच घ्यायचो आप्पांचा... ते झोपले की." गावात तोवर कुजबूज सुरू झालीच होती की यशवंत बापाच्या वळणावर गेला, रक्तातच आहे.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला एका रेषेवर, टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं. तीन पावलांत तो भिंतीला टेकला. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. भाऊ "नाही" म्हणाला. मी म्हटलं, "वडील असेच चालायचे. पण ते पीत होते."

"तुम्ही पिताना पाहिलंत?"

भाऊने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आईने पाहिलं नव्हतं. गावात कुणी पाहिलं नव्हतं. माडीवाल्यानेसुद्धा कधी, मी त्यांना दिली, असं म्हटलं नव्हतं. आम्ही फक्त चाल पाहिली होती... काही आठवड्यांनी रक्ताचा अहवाल आला. एका जनुकातला एक तुकडा नको तेवढा लांबलेला, त्यामुळे अनुमस्तिष्क हळूहळू झिजत जातं. आईबापांपैकी एकात असला की प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, आणि एकदा उतरला की टाळता येत नाही. म्हणजे रक्तात आहे हे गावाचं म्हणणं खरं होतं. काय आहे, तेवढं मात्र सगळ्यांनी चुकीचं ओळखलं होतं. परत येताना भाऊ गाडीत खिडकीबाहेर बघत बसला होता. मला वाटलं, स्वतःच्या आजाराचा विचार करतोय. वसई फाटा आल्यावर म्हणाला, "शालू, माझ्या बापाला मी देवीसमोर खोटं पाडलं."

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा देवळात गेला. आरतीनंतर माणसं पांगायच्या आत काठी टेकत उभा राहिला, हातात नारळ आणि अहवाल. इंग्रजीतला तो कागद कुणाला वाचता येणार नव्हता, तरी त्याने तो वर धरला. म्हणाला, "माजा बाप पियात नव्हता. त्याला हा रोग होता. मला पन तोच हाय. शपथ त्याने मोडली नाय, मी त्याच्यावर लादली." त्या चार वडीलधाऱ्यांपैकी एकच हयात होते. ते पुढे आले, भाऊच्या हातातला नारळ घेतला आणि स्वतः देवीपुढे फोडला. आई तेव्हा हयात होती. घरी आल्यावर तिने सुयांची डबी काढली, उघडली, आणि कितीतरी वेळ तशीच मांडीवर घेऊन बसली.

मीही रक्त दिलं. माझ्यात तो लांबलेला तुकडा आला नव्हता. एकाच आईबापांची दोन मुलं, एकाच ओट्यावर वाढलेली, आणि वाटणी अशी. आनंद झाला, आणि झाल्याबद्दल मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊला सांगायला गेले तर तो अंगणात चटईवर राजेळी केळी सुकत घालून बसला होता. चालणं कमी झाल्यापासून सुकेळी करणं हे त्याचं बसल्या जागचं काम. सोललेलं पिकलं केळं उन्हात ठेवायचं, दिवसातून अनेकदा उलटायचं, आठवडाभर. हात थरथरायचे, केळी मोडायची, तरी तो उलटत बसायचा. माझा निकाल ऐकला आणि वहिनीला हाक मारून म्हणाला, "त्या डब्यातली सुकेळी काढ. आळीत वाट. माजी बहीन सुटली." आळीतल्या लोकांना वाटलं, केतकीचं लग्न ठरलं.

त्यानंतर मला एक खोड लागली. भाऊच्या प्रत्येक गोष्टीत मी आप्पा शोधायचे. हे आप्पांचं, तेही आप्पांचंच. एकदा त्याने ऐकून घेतलं, मग हातातलं केळं दाखवून म्हणाला, "तूच सांगते ना, केळीला बी नाय, एका कंदाची सगळी एकच केळ? मग वरच्या वाफ्यातली नि खालच्या वाफ्यातली चवीला वेगळी का? रोग आप्पांचाच, ते मी मान्य करतो. पन आप्पा गप्प बसले. मी गावासमोर बोललो. ते पन तुझ्या जनुकात हाय काय?" पाय का अडखळतात याचं पूर्ण उत्तर त्या एका कागदावर होतं. मुलाला बरं वाटावं म्हणून माणूस खोटा आळ का पत्करतो, मुलगा तीन वर्षं तोंड का फिरवतो, आणि एक विज्ञानाची बाई भावाच्या तोंडाचा वास का घेते, याचं उत्तर त्यावर नव्हतं. ते उत्तर कधी कुठल्या कागदावर येईल असं मला आता वाटतही नाही.

भाऊने वाडीत दोरी बांधली ती त्याच सुमाराला. जाड काथ्याची, कमरेएवढ्या उंचीवर, ओट्यापासून सुपारीच्या झाडांना गुंडाळत विहिरीपर्यंत आणि विहिरीवरून झापापर्यंत, म्हणजे वाडीच्या झावळ्यांच्या फाटकापर्यंत. तिला धरून तो सात-आठ वर्षं पाटांवरून फिरला, पुढे चाकाच्या खुर्चीत बसला. पाहुणे विचारायचे, हे काय? तो खुशाल सांगायचा, "मला तोल नाय. आमच्या घरात हाय तो रोग." आणि एकदा, कुणी विचारलं नसताना, माझ्याकडे बघून म्हणाला, "दोरीला काय लागतं गं? चार बिंडे काथ्या. आप्पांना आपन तेवढी पन नाय बांधली."

केतकी नोकरीला लागल्यावर मी तिच्या मागे टुमणं लावलं, चाचणी करून घे. कळलेलं बरं, लग्नाआधी तर कळायलाच हवं, वगैरे. एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, "आत्या, तू सुटलीस ना, म्हणून तुला सोपं वाटतं. मला कळलं तर मी रोज स्वतःची चाल बघत बसेन. मला टाइम दे." मी भाऊकडे तक्रार नेली. तेव्हा त्याचं बोलणं फारसं समजत नसे, शब्द ओढून ओढून यायचे. "शालू... तिच्या हातात... नारळ नको देऊ." त्यानंतर हा विषय मी काढला नाही. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं असेल, ते माझ्या विद्यार्थ्यांना कळेल.

भाऊला जाऊन आता दीड महिना झाला. गेल्या रविवारी वाडीत गेले. खुर्ची वहिनीने धुऊन गरजूला देऊन टाकलेली, सुकेळीची चटई गुंडाळून माळ्यावर. दोरी मात्र होती तशीच आहे. भाऊचा हात जिथे जिथे पडायचा तिथे काथ्याचे केस झडून ती गुळगुळीत झाली आहे, आणि वळणांवर जास्तच. झापाशी आले तर बाहेरून ठोकण्याचा आवाज. झापापासून रस्त्यापर्यंतचा तो पन्नास-साठ पावलांचा पट्टा, जिथे अजून जुनं काटेरी कुंपण आहे, तिथे केतकी एकटीच खुंट ठोकत होती. पायाशी नव्या काथ्याचं वेटोळं. अर्धी दोरी बांधून झालेली. मी तिच्या पायांकडे पाहिलं, आणि मी पाहतेय हे तिने पाहिलं.

"रिलॅक्स, आत्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाहीये. ही आजोबांची."

मी पुढे झाले. वेटोळं उचललं आणि तिला दोरी सोडत गेले. तिने शेवटच्या खुंटाला गाठ मारली, तेव्हा आम्ही थेट रस्त्यावर पोचलो होतो. मग मी वळले, दोरीवर हात ठेवला, आणि आप्पा यायचे तशी कुंपणाच्या कडेकडेने वाडीपर्यंत चालत आले. हाताला एकही काटा लागला नाही.