दुर्गाघाटाची साखळी

सरकारी ऑफिसात फायली वर जातात नि किस्से खाली येतात. फाइल लखनौला जाऊन अडकते, किस्सा मात्र संध्याकाळच्या आत कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे पोचलेला असतो! बनारसच्या घाटांची डागडुजी बघणाऱ्या आमच्या ऑफिसातले असे बरेच माझ्याकडे साठलेत.

* * *

नावाड्यांसाठी लाइफ जॅकेटं आली. त्रिपाठीजी आमचे स्टोअरकीपर. त्यांनी ती कपाटात घालून कुलूप लावलं. नावाडी मागायला आले, तर म्हणाले, "पगला गए हो? पानी लगेगा तो खराब नहीं होगी?"

* * *

आमची आई रोज सकाळी दुर्गाघाटावर स्नानाला जाते. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर शेवाळ धरतं. एकदा ती घसरली ती थेट पाण्यात. एका नावाड्यानं दंडाला धरून ओढली. घरी येऊन काय म्हणते, "गंगामाईनं परत धाडलं रे. म्हणाली, अजून तुझ्या सुनेला पुरण नीट जमत नाही!"

बायको हसली. मला काही हसू येईना.

दुसऱ्याच दिवशी मी पायऱ्यांवर लोखंडी खांब आणि धरायला साखळी, असा प्रस्ताव साहेबांपुढे ठेवला.

* * *

साहेब नवे. सरकारचा पैसा स्वतःच्या खिशातून जावा तसा जपणारे. म्हणाले, "जोशीजी, हज़ारों साल से लोग बिना जंजीर के नहा रहे हैं. आज तक कोई शिकायत आई?"

त्रिपाठीजी मागून बोलले, "साहब, जो डूब गए, वो कैसे आते?"

प्रस्तावातून साखळी कापली गेली. त्याऐवजी स्वस्तात बोर्ड लागला, 'सावधान! आगे पानी गहरा है'. पुढच्या पुरात तोच आधी बुडाला. मी जाऊन सांगितलं, तर साहेब शांतपणे म्हणाले, "ठीक तो है. बोर्ड दिखना बंद हो जाए, तो समझिए पानी गहरा है!"

* * *

त्याच वर्षी घाटावर रंगीत दिवे लावायला मात्र मंजुरी मिळाली. मी चिडलोच. म्हटलं, यातल्या थोड्या पैशांत साखळी झाली असती.

साहेबांनी मला समजावलं, "जोशीजी, जंजीर की फोटो अच्छी नहीं आती."

* * *

कार्तिकात साहेबांची आई गावाहून स्नानाला आली. मी आमच्या आईची पिशवी धरून घाटावर उभा, तर समोर साहेब! पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात, एका हातानं आईला घट्ट धरलेलं. म्हातारीनं बुड्या मारल्या, वर आली. साहेब निघणार, तोच दुसऱ्या एका आजीबाईंनी तोच हात पकडला. "ए बचवा, तनी हमहूँ के पकड़ लऽ!"

नाही कसं म्हणणार? स्वतःची आई पायरीवरून बघतेय. दुसरी झाली, तिसरी आली. बघता बघता बायकांची रांग लागली. ऊन चढलं, तरी साहेब पाण्यातच! मला बघून कळवळले, "जोशीजी, कुछ कीजिए!"

तेवढ्यात आमच्या आईचा नंबर आला. साहेबांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. हात धरून तिनं निवांत तीन बुड्या मारल्या, वर आली, पदर पिळला आणि मला विचारलं,

"काय रे, हे रोज असतात का?"